राजाबाईच्या मनोऱ्याखालची सभा

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या कडेला उभा असलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्यांच्या आईचे नाव त्याला मिळाले. मनोऱ्याच्या अंगावर, पहिल्या सज्जाच्या वर आणि पुन्हा कळसाखाली, दगडात कोरलेली माणसे उभी आहेत. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे हे चोवीस पुतळे, प्रत्येकाचे पागोटे वेगळे, अंगरखा वेगळा. एका बाईचे नाव आणि दोन डझन जातिजमातींची रूपे त्या मनोऱ्याने मिरवली, तेव्हा विद्यापीठाची परीक्षा स्त्रियांना खुली नव्हती. शेजारच्या दीक्षान्त सभागृहात पदव्या वाटणाऱ्या आणि विद्यापीठाचे नियम ठरवणाऱ्या सिनेटमध्ये तर त्या चोवीसांपैकी बहुतेकांचा एकही माणूस बसत नव्हता. दगडात जागा मिळाली होती, सभेत नव्हती. ती जागा कोणाला कधी आणि कशी मिळाली, याचा इतिहास मुंबई विद्यापीठाच्या जन्माच्याही आधी सुरू होतो.

विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर कोणाला बसवावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मानाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. अमुक समाजाला प्रतिनिधित्व मिळाले, अमुकाला डावलले, असे त्याचे हिशेब होतात. या इतिहासाकडे नीट पाहिले तर निराळी गोष्ट दिसते. सभेत कोण बसतो यावरून सर्वात आधी ठरते ते हे, की कोणता प्रश्न सभेपुढे येऊ शकेल. उत्तर काय निघेल ते पुढचे. बाहेर उभा असलेला माणूस कितीही शहाणा असला तरी त्याचा प्रश्न अर्ज होऊन राहतो; आत बसलेल्याचा तोच प्रश्न ठराव होतो. मुंबईच्या पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून मला निघालेला निष्कर्ष एवढाच आहे, आणि त्याचा पुरावा १८४० पासून मिळतो.

त्या वर्षी मुंबई सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केले. सात जणांचे मंडळ: अध्यक्ष आणि आणखी तिघे सरकारने नेमलेले युरोपीय, आणि उरलेले तिघे एतद्देशीय. या तिघांना बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटीने निवडायचे होते. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे ते तिघे. कंपनी सरकारच्या काळात सातांत तीन हिंदी माणसे, आणि तीही सरकारने न नेमलेली, ही लहान गोष्ट नव्हती. १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. पेरी सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, कर्तबगार आणि उदारमतवादी गृहस्थ होते. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि सरकारचा पैसा तिकडेच वळवावा, असे त्यांचे ठाम मत होते. लॉर्ड मेकॉलेच्या शिफारशीवरून बंगालमध्ये झालेला निर्णय मुंबईतही लागू व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. मंडळ दुभंगले. पेरी आणि दोन युरोपीय सभासद एका बाजूला, तिघे हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यासोबत कर्नल जॉर्ज जर्व्हिस. जर्व्हिस हे लष्करातले इंजिनिअर. गणिताची पुस्तके त्यांनी मराठीत आणली होती. देशी भाषांतून विद्या शिकवता येते हे त्यांनी स्वतः करून पाहिले होते. त्यामुळे त्यांचे मत कल्पनेवर नव्हे, अनुभवावर उभे होते.

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांनी त्या वादात घेतलेली भूमिका पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या लोकांनी इंग्रजी शिकावे, यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचे असेल, तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल. इंग्रजी शिकणारे थोडे, आणि त्यांच्याकडून ते खाली झिरपेल या भरवशावर बसता येणार नाही. १८४८ मध्ये सरकारने दोन्ही बाजूंना थोडे थोडे देणारा निर्णय दिला आणि पेरींनी तो आपल्या बाजूने वाचला. नानांची बाजू पूर्ण जिंकली असे म्हणता येत नाही. तरी मुंबई इलाख्यात मराठी आणि गुजराती शाळांचा पाया बंगालपेक्षा भक्कम राहिला, याचे मोठे कारण हा वाद मंडळाच्या आत झाला हे आहे. शंकरशेट बाहेर असते, तर त्यांचे म्हणणे एखाद्या विनंतीपत्रापुरते उरले असते. मंडळात असल्यामुळे अध्यक्षांना त्याला लेखी उत्तर द्यावे लागले आणि वाद सरकारपर्यंत न्यावा लागला.

इथे एक आक्षेप आपोआप उभा राहतो. जर्व्हिस गोरे होते आणि तरीही मराठीच्या बाजूने उभे राहिले. मग सभासदाच्या वंशाला एवढे महत्त्व का द्यावे? आक्षेप खरा आहे. माणूस त्याच्या जन्मातून पूर्ण ओळखता येत नाही, आणि कारभारी मंडळाची विविधता मोजताना हे विसरणारा माणूस फसतो. परंतु त्या मंडळातले मतांचे पारडेही पाहिले पाहिजे. चार युरोपीयांपैकी एक देशी भाषांकडे आला, आणि तिन्ही हिंदी सभासद एकत्र राहिले. जर्व्हिसांसारखा माणूस मंडळात भेटणे हा नशिबाचा भाग होता. तिघांच्या जागा कायम होत्या, आणि त्यांच्यामुळेच जर्व्हिसांचे मत एकटे पडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो मी टाळणार नाही. त्या तीन जागांवर बसलेली माणसे म्हणजे मुंबईचे श्रीमंत व्यापारी. त्यांना 'नेटिव' म्हटले गेले म्हणून सगळा देश त्या खुर्च्यांवर बसला, असे होत नाही. पेरींच्या काळात मंडळाच्या अहवालांत एक धोरण उघडपणे मांडलेले दिसते: शिक्षण आधी वरच्या जातींना द्यावे, म्हणजे त्यांच्याकडून ते खालच्यांपर्यंत उतरेल. याविरुद्ध हिंदी सभासदांनी रान उठवले नाही. एका भाषेच्या प्रश्नावर अध्यक्षांशी झुंजणारे हे लोक जातीच्या प्रश्नावर गप्प राहिले, कारण तो प्रश्न घेऊन येणारे कोणी त्या टेबलाभोवती नव्हते. १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने त्याला दाद दिली नाही. एकासाठी शाळेतली बाकीची मुले जातील, ही अडचण पुढे करण्यात आली. या प्रकरणाची गाठ आपल्या विषयाशी आहे, कारण पुढच्याच वर्षी मुंबईत विद्यापीठ सुरू झाले. जे शिक्षण त्या मुलाला सुरुवातीलाच नाकारले गेले, त्याच शिक्षणाचा कळस म्हणून हे विद्यापीठ उभे राहिले. सत्तर वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे दलितांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन ठेवले, त्यात त्यांनी बोर्ड ऑफ एज्युकेशनचे जुने अहवाल आणि हे धारवाडचे प्रकरण पुराव्यादाखल मांडले. सरकारी कागदपत्रांत तो मुलगा इतकी वर्षे जिवंत राहिला, आणि त्याचा वकील त्याला इतक्या उशिरा मिळाला.

१८५५ मध्ये बोर्ड बरखास्त झाले. शिक्षणखाते निघाले, त्यावर एक डायरेक्टर नेमला गेला. १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्या काळच्या अर्थाने हे परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे. कारभार सिनेटचा, आणि सिनेट म्हणजे गव्हर्नर हे चॅन्सेलर, त्यांच्याखाली व्हाइस चॅन्सेलर आणि फेलो. फेलो आजीव. काही जण हुद्द्यामुळेच फेलो असत: सरन्यायाधीश, मुंबईचे बिशप, कौन्सिलचे सभासद, शिक्षणखात्याचे डायरेक्टर. बाकीचे सरकारने निवडलेले. कायद्यात नावे घालून नेमलेल्या पहिल्या फेलोंत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी होते, पण हिंदी नावे बोटांवर मोजण्याइतकीच. सतरा वर्षांपूर्वीच्या बोर्डात सातांत तीन हिंदी होते, आणि तिघेही निवडून आलेले. विद्यापीठ आले तेव्हा हे प्रमाण घसरले आणि निवडही गेली. प्रतिनिधित्व एकदा वाढले की ते वाढतच जाते, असा आपला सोयीचा समज असतो. इथे संस्था मोठी झाली, तिची प्रतिष्ठा वाढली, आणि नेमक्या त्याच वेळी तिचे दार अरुंद झाले.

नव्या रचनेचा परिणाम मराठीला लगेच जाणवला. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या नियमांत देशी भाषांना वरच्या परीक्षांत जागा होती. १८६० च्या दशकात ती काढून घेतली गेली. संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा राहिल्या, मराठी आणि गुजराती मॅट्रिकपुरत्या उरल्या. महादेव गोविंद रानडे १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत बसले होते. त्या परीक्षेला १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये पहिले पदवीधर झाले त्यांत रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. रानडे १८६५ मध्ये फेलो झाले. विद्यापीठाने घडवलेली माणसे विद्यापीठाच्या सभेत आली, आणि मराठीचा प्रश्न पुन्हा सभेत आला. तरी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. रानड्यांच्या मृत्यूच्या सुमारास, १९०१ च्या आसपास, तो ठराव सिनेटमध्ये पार पडला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी व्हाइस चॅन्सेलर झाले. तेव्हा विद्यापीठ पस्तीस वर्षांचे होते आणि तेलंग बेचाळीस वर्षांचे. त्यांच्यामागून भांडारकर आले. अधिकाराच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला जे दार इतके सावकाश उघडले, ते उघडल्यावर त्यातून आत आलेले लोक बहुतेक तीन-चार समाजांतलेच होते: पारशी, गुजराती व्यापारी, ब्राह्मण आणि सारस्वत.

बाहेर राहिलेल्यांनी त्या काळात काय विचारले, याची नोंद सिनेटच्या कामकाजात सापडायची नाही. ती १८८२ च्या हंटर कमिशनच्या कागदपत्रांत आहे. जोतीराव फुल्यांनी त्या कमिशनपुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या सारापट्टीवर सरकारचा खजिना भरतो आणि त्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, हे त्यांचे गाऱ्हाणे सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात विद्यापीठाच्या नियमांवर बोट ठेवणारी एक सूचनाही आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरी राहून अभ्यास करणाऱ्याला प्रवेश परीक्षेला बसता येते, तर त्याला वरच्या पदवी परीक्षांनाही बसू द्यावे, असे फुल्यांनी सुचवले. हा अगदी कारभारी स्वरूपाचा, एका ठरावाने सुटण्यासारखा प्रश्न होता. मुंबई-पुण्यात राहून कॉलेजची फी भरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्या आयुष्याची माहिती असल्याशिवाय तो सुचत नाही. फुले सिनेटचे फेलो नव्हते. पंडिता रमाबाईंनीही त्याच कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींच्या शिक्षणासाठी स्त्री-शिक्षक आणि स्त्री-निरीक्षक हवेत, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशा मागण्या त्यांनी केल्या. हे दोघेही आपले म्हणणे सरकारच्या फिरत्या कमिशनकडे घेऊन गेले, कारण विद्यापीठाच्या सभेत त्यांना जागा नव्हती. कमिशन अहवाल लिहून उठून जाते, सभा मात्र वर्षानुवर्षे बसलेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या मताविरुद्ध जाते, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. ज्या सिनेटने हे केले ती संपूर्णपणे पुरुषांची होती. पाठोपाठ १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजचे हुजूरपागा, सुरू झाले. मग सभेत स्त्री नसल्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. लंडनने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या १८७८ मध्ये. त्याच वर्षी कलकत्त्यानेही दार उघडले. मुंबईने, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा चालवल्याला तीन दशके उलटून गेलेल्या इलाख्याने, आणखी पाच वर्षे घेतली. दार उघडून देणाऱ्या चांगल्या पुरुषांचे ऋण मानायलाच हवे. पण दार उघडल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांसमोर फार काळ राहिला नाही. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांच्या निकालामुळे विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण ती पुरुषांसाठी होती. खाजगी मदतीवर त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, आणि तिथल्या नियमांमुळे प्रत्यक्ष पदवी हाती यायला १९२२ साल उजाडले. परीक्षा देण्याची परवानगी आणि परीक्षेचे फळ यांत जे अंतर होते, ते नियम करणाऱ्यांना दिसत नव्हते, कारण त्यांना स्वतःला ते कधी चालावे लागले नव्हते. पुढे १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले. त्याचेही पहिले कुलपती भांडारकर आणि पहिले कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते. दोघेही थोर, आणि दोघेही पुरुष.

लॉर्ड कर्झनच्या काळात सभेत कोणी बसावे हा वाद उघड्यावर आला. १९०२ मध्ये त्यांनी टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमला. हिंदुस्थानातल्या विद्यापीठांची चौकशी करणाऱ्या त्या आयोगावर सुरुवातीला एकही हिंदू सभासद नव्हता. देशभर ओरड झाल्यावर कलकत्त्याचे न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांना घेण्यात आले. हे बॅनर्जी १८९० मध्येच कलकत्ता विद्यापीठाचे पहिले हिंदी व्हाइस चॅन्सेलर झालेले. ओरडीनंतर घेतलेल्या या एका सभासदाने काय केले? त्यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका लिहिली. आयोगाचा निष्कर्ष बदलला नाही, पण सरकारला त्याला एकमताचा अहवाल म्हणता आले नाही. एका खुर्चीचे बळ किती आणि तिची मर्यादा कुठे, हे यातून दोन्ही दिसते. १९०४ च्या कायद्याने सिनेटचा आकार आखला: पन्नास ते शंभर फेलो, मुदत पाच वर्षे, मुंबई, कलकत्ता, मद्रास या तिन्ही ठिकाणी निवडून यायचे फक्त वीस, बाकी बहुतेक चॅन्सेलरने नेमायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात याला कडाडून विरोध केला. विद्यापीठे सरकारी खाते होतील, असे त्यांचे म्हणणे. मुंबईत फिरोजशहा मेहतांनी सिनेटमध्ये किल्ला लढवला, आणि अंमलबजावणीला कायदेशीर आव्हाने उभी राहिल्यावर सरकारला १९०५ मध्ये वैधता कायदा करावा लागला.

कर्झनच्या बाजूचे म्हणणे आजही ऐकू येते, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. विद्यापीठाचा कारभार विद्वानांनी करावा. प्रतिनिधी, पुढारी, समाजांचे वकील तिथे कशाला? तत्त्व म्हणून ऐकायला हे बरे वाटते. पण मुंबईच्या सिनेटमध्ये विद्वत्ता ही अट कधीच नव्हती. बिशप, न्यायाधीश, कौन्सिलर, लष्करी अधिकारी, देणगी देणारे शेठ असे लोक पहिल्या दिवसापासून त्यात होते. त्यांच्या नेमणुकीला कोणी विद्वत्तेची कसोटी लावली नाही. ही कसोटी आठवते ती नेमक्या त्या वेळी, जेव्हा नवा माणूस दारात उभा असतो. विद्यापीठाचा अभ्यासक्रम विद्वानांनी ठरवावा हे खरे, आणि त्यासाठी विद्वत्सभा असतेच. परंतु फी किती, कॉलेज कुठे, परीक्षेला कोण बसू शकतो, कोणत्या भाषेला जागा, हे प्रश्न विद्वत्तेचे नसून न्यायाचे आहेत. न्यायाच्या प्रश्नात ज्याच्यावर परिणाम होतो त्याचे म्हणणे ऐकावे लागते.

हाच प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडला. मार्च महिन्यात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत त्यांनी सांगितलेले आकडे भयानक होते: दर दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात शिकणारे पुढारलेले हिंदू एक हजार, मुसलमान ५२, मध्यम वर्गातले १४, आणि मागास वर्गातले जवळजवळ कोणीच नाहीत. त्याच वर्षी विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी सिनेटच्या रचनेवर बोट ठेवले. सुधारकांचा भर होता निवडणुकीवर: नेमणुका कमी करा, पदवीधरांना मत द्या. राष्ट्रीय बाजूने ही मागणी योग्यच होती; गोखल्यांची लढाई तीच होती. आंबेडकरांनी तिच्यातली फट दाखवली. मतदार जर पदवीधर असतील आणि पदवीधर जर मूठभर जातींचेच असतील, तर निवडणुकीने सरकारी मक्तेदारी जाईल आणि तिच्या जागी मूठभर जातींची येईल. विद्यापीठाने शेतकऱ्याच्या, अस्पृश्याच्या मुलापर्यंत पोहोचायचे असेल तर त्यांचे लोक सभेत असले पाहिजेत, आणि पदवीधरांच्या मतांवर ते कधीच निवडून येणार नाहीत. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखल्याच होत्या. विद्यापीठात तेच तत्त्व नाकारण्याचे कारण काय, याला कोणापाशी नीट उत्तर नव्हते. गोखले आणि आंबेडकर या दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे होते, हे ज्याला पटते त्याला या सगळ्या इतिहासाचा पीळ समजतो. सरकारी नेमणूक ही गुलामी होती, आणि नुसती निवडणूक ही बंद दारावर लावलेली नवी कडी.

जातवार जागा दिल्या की विद्यापीठात फूट पडते, असा एक आक्षेप त्या वेळीही घेतला गेला. तो घेणारे सगळेच स्वार्थी नव्हते. सरकार फोडा आणि झोडा खेळते आहे, ही भीती खरी होती. पण फूट आधीच होती. धारवाडच्या त्या मुलाला कोणत्या राखीव जागेने बाहेर ठेवले? सभेतल्या एकोप्यासाठी बाहेरच्यांनी बाहेरच राहावे, असा त्या आक्षेपाचा अर्थ होतो. १९२८ च्या कायद्याने निवडून येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. स्वातंत्र्यानंतर पुणे, मराठवाडा, शिवाजी अशी विद्यापीठे आली, त्यांचे कायदे आले आणि बदलले. पुढारलेल्या संस्थानांची आणि नव्या विद्यापीठांची गोष्ट मुंबईपेक्षा वेगाने गेली. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरुपदी १९४९ मध्ये हंसा मेहता आल्या. मुंबई विद्यापीठाला पहिल्या स्त्री कुलगुरू, डॉ. मेहरू बेंगाली, १९८० च्या दशकात मिळाल्या, स्थापनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. पहिले दलित कुलगुरू डॉ. भालचंद्र मुणगेकर २००० मध्ये आले.

आज महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा कायदा लागू आहे. अधिसभेवर, म्हणजे पूर्वीच्या सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून येतात: पाच खुल्या जागा, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी एक एक. प्राचार्य आणि अध्यापकांच्या गटांतही राखीव जागा आहेत. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मागितलेली गोष्ट कायद्याच्या अक्षरांत आली. स्त्रियांच्या वाट्याला मात्र पदवीधरांच्या दहांपैकी एकच खात्रीची जागा आली आहे, आणि २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण ४९ टक्के होते. हे प्रमाण कोणत्याही तर्काने जुळत नाही.

शेवटचा आक्षेप आजचा आहे आणि तो मला सर्वात जास्त सतावतो. राखीव जागेवरून निवडून आलेला सभासद आपल्या समाजाचा प्रश्न घेऊन येतो, की आपल्या पॅनेलचा? मुंबई विद्यापीठाच्या २०१८ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत पदवीधरांच्या दहाही जागा, खुल्या आणि राखीव, युवासेनेच्या एकाच पॅनेलने जिंकल्या. पॅनेल कोणतेही असो, एकहाती निकालात राखीव जागेचा सभासद मुख्यतः यादी करणाऱ्या संघटनेला बांधील राहण्याचा धोका असतो. यावरून राखीव जागा निरुपयोगी ठरवणाऱ्यांनी मतदारयादीकडे पाहावे. मुंबई विद्यापीठ दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या देते. २०२४ च्या निवडणुकीत नोंदणीकृत पदवीधर मतदार होते तेरा हजारांच्या आसपास. पदवीधराने स्वतः अर्ज करायचा, शुल्क भरायचे, मग त्याचे नाव यादीत येते. आणि म्हणून यादी ज्यांच्याकडे कार्यकर्ते आहेत त्यांची होते. पालघरच्या आदिवासी पाड्यावरून येऊन पदवी घेतलेल्या मुलीपर्यंत तो अर्ज कोणी पोहोचवत नाही. पदवी प्रमाणपत्र तिच्या हाती देतानाच तिचे नाव मतदारयादीत घालणे विद्यापीठाला अवघड नाही. तिची सगळी माहिती त्याच्याकडे आधीपासून आहे. तसा ठराव करण्याचा अधिकार कोणाचा, हे शोधत गेले की वाट पुन्हा राजाबाईच्या मनोऱ्याखाली बसणाऱ्या सभेपाशी आणि कायदेमंडळापाशी जाऊन पोहोचते, आणि त्या यादीत नसलेल्या मुलीचा प्रश्न तिथे मांडायला आज कोण बसले आहे, हे पाहावे लागते.